दादांची ॲम्बॅसिडर, काकांची फियाट

"गाडी घेणं सोपं, सांभाळणं अवघड," असं माझे वडील, म्हणजे दादा, दिवसातून एकदा तरी म्हणायचे आणि म्हणताना हटकून अण्णाकाकांच्या फियाटकडे बघायचे. अण्णाकाका त्यांचे धाकटे भाऊ. ते खिशातला रुमाल काढून फियाटच्या काचेवरची नसलेली धूळ पुसत राहायचे. नाशिकच्या द्वारका चौकाजवळ, मुंबई-आग्रा रस्त्याला लागून आमचं घर होतं. पुढे मोकळं अंगण, अंगणात पत्र्याची शेड, आणि शेडमध्ये शेजारी शेजारी दोन गाड्या. दोघा भावांचं पाण्याच्या पंपांचं दुकान एक, चूल एक, दूधवाला एक, पण गाड्या दोन. पाहुणा आला की त्याला चहाच्या आधी शेडमध्ये नेत आणि "बोला, यातली कुठली खरी गाडी?" असं विचारून बिचाऱ्याला धर्मसंकटात टाकत. शहाणी माणसं "दोन्ही छान" म्हणून चहाकडे वळायची. आमच्या घोटीच्या आत्याचे यजमान मात्र एकदा "फियाट" म्हणून गेले, तर दादा त्यांच्याशी जेवण होईपर्यंत बोलले नाहीत.

खरं सांगायचं तर त्या दोन गाड्यांची तुलना म्हणजे बैल आणि घोडा यांची तुलना. ॲम्बॅसिडर दुधासारखी पांढरी, ऐसपैस. मागच्या सीटवर मांडी घालून बसावं, मध्ये डबा उघडावा, पुरी खावी, पाणी प्यावं, काही सांडायचं नाही. खड्डा आला तर लागत असेल तो खड्ड्यालाच. डिकीत आत्याकडच्या तांदळाची पोती मावत आणि वर आमच्या गाद्याही. पण तिचं स्टिअरिंग फिरवणं म्हणजे भरलेलं जातं ओढणं. वळण आलं की आधी दादा वळायचे, मग स्टिअरिंग वळायचं, आणि मग सावकाश, सगळ्यांचं मत घेऊन, गाडी वळायची. क्लच दाबायला पायात जोर हवा. पेट्रोल पिताना ती कधी संकोच करत नसे. दादांना हे सगळे तिचे गुणच वाटत. "वजन आहे म्हणून रस्ता धरते," ते म्हणायचे. फियाट आकाशी रंगाची, आटोपशीर. दरवाजा लावला की टक असा नेमका आवाज. हलकं स्टिअरिंग, दोन बोटांनी फिरावं. भाजीबाजाराच्या गल्लीतून ती अशी निघायची की भाजीवाल्या टोपलीसुद्धा सरकवत नसत. मात्र तिचं सगळं वेळच्या वेळी व्हायला हवं. कार्बोरेटर स्वच्छ हवा, प्लग घासलेले हवेत, पॉइंट नीट बसलेले हवेत. ते केलं, तर नाशिकच्या पौषातल्या थंडीतही चोक ओढून चावी फिरवली की पहिल्या हाकेला ओ द्यायची. तेव्हा दादा ॲम्बॅसिडरच्या पुढे वाकून हॅंडल मारत असायचे, आणि अण्णाकाका खिडकीतून अगदी साळसूदपणे विचारायचे, "दादा, सोडू का दुकानापर्यंत?" दादांच्या नाकाला अशा मिरच्या झोंबायच्या की काही विचारू नका.

रविवार गाड्यांचा. सकाळी आई पोहे टाकायची, आणि फोडणीचा वास आणि पेट्रोलचा वास अंगणात एकत्र यायचा. मला अजून पोह्यांच्या वासाबरोबर ग्रीस आठवतं. दोघे भाऊ जुन्या बनियनवर, बॉनेट वर करून, एकमेकांकडे पाठ करून काम करायचे. दादा बॅटरीत पाणी घालायचे, रेडिएटर भरायचे, चार ठिकाणी ग्रीस मारायचे आणि पंधरा मिनिटांत हात धुऊन खाटेवर बसून शेरे द्यायचे. "झालं आमचं. सरळमार्गी गाडी आहे. तुमचं अत्तर-पावडर चालू द्या." अण्णाकाका जेवणाच्या वेळेपर्यंत खाली मान घालून पिन आणि मऊ कापड घेऊन बसलेले. आता माझ्या नातवाच्या गाडीचं बॉनेट उघडलं की आत नुसतं काळं प्लॅस्टिकचं झाकण दिसतं. पट्टा लावला नाही तर ती गाडीच बोलते. मला सांगा, जिला उघडता येत नाही तिच्याशी भांडण तरी कसं व्हावं?

आता इंदूकाकू. अण्णाकाकांची बायको, माहेर येवल्याचं. काकू उंच, हडकुळी, बोलायला तिखट. एरवी आमच्यासारखंच बोलायची, पण रागावली की तिचं येवलं बाहेर पडायचं, "लय झालं आता!" म्हणायची. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्यावरून लोक जे बोलायचे ते मी इथे लिहीत नाही, लिहायची लाज वाटते. काकू त्या बोलण्यात बुडून गेली नाही. ती येवल्याच्या ओळखीच्या विणकरांकडून पैठण्या आणून नाशिकच्या घराघरांत विकायची. पूर्वी एसटीने जायची. पैठण्यांचं गाठोडं मांडीवर घट्ट धरून, शेजारच्याची कांद्याची पाटी अंगावर येऊ नये म्हणून जीव मुठीत घेऊन यायची. एकदा कुणाच्या तरी डब्यातलं लोणच्याचं तेल तिच्या गाठोड्यावर सांडलं. मोरपंखी पैठणी, कुणाच्या तरी लग्नाची. काकू त्या रात्री जेवली नाही. त्यानंतर अण्णाकाकांनी काय केलं असेल? तिला फियाटमध्ये बसवलं आणि तपोवनाच्या मोकळ्या रस्त्यावर नेऊन गाडी शिकवायला घेतली. महिनाभरात ती त्यांच्याहून बरी चालवायला लागली, कारण अण्णाकाकांना गाडी घासायला आवडायची, चालवायला भीती वाटायची. हे घरात सगळ्यांना माहीत होतं, दादा सोडून. दादांच्या लेखी ती अण्णाची गाडी, आणि काकू ती "अधूनमधून" नेते. अधूनमधून म्हणजे जवळजवळ रोज.

मी तेव्हा मॅट्रिकच्या आसपास. सुट्टी असली की काकूबरोबर येवल्याला. निफाड-विंचूरच्या रस्त्याला कांद्याच्या बैलगाड्यांची रांग असायची. काकू हॉर्न वाजवायची नाही, गाडीवानाला हात दाखवून बाजूने काढायची. बायकांच्या हातात गाडी बघून शेतातली माणसं बांधावर उभी राहायची. येवल्यात मागाचा खटक-खटक आवाज गल्लीच्या तोंडापासून ऐकू यायचा, आणि गाडी थांबली की विणकराची म्हातारी आतून ओरडायची, "आली गं बया गाडीवाली! च्या टाका!" त्या हाकेने काकूच्या चेहऱ्यावर जे यायचं ते मी घरात कधी पाहिलं नाही.

अशात रस्ता रुंद करायचं निघालं. अंगणाची पुढची पट्टी जाणार आणि शेड निम्मी होणार, म्हणजे गाडी एकच मावणार. मी म्हटलं, एक रस्त्यावर लावू. दादा म्हणाले, "रस्त्यावर लावायला ती काय हातगाडी आहे?" झालं. कुठली गाडी ठेवायची यावर दोघा भावांचं आठवडाभर चाललं. दादा म्हणत, सगळं कुटुंब एका वेळी कशात बसतं? काका म्हणत, सगळं कुटुंब एका वेळी जातं कुठे? शेवटी दादांनीच तोड काढली. आम्ही दसऱ्याला सीमोल्लंघन म्हणून घोटीला आत्याकडे सोनं द्यायला दरवर्षी जायचो. या वर्षी तसंच पुढे जायचं, कसाऱ्याचा घाट उतरायचा, खाली चहा घ्यायचा आणि परत चढून घोटीला जेवायला यायचं. जी गाडी कुरकुर न करता वर येईल ती राहील. दुसरी दिवाळीच्या आत विकायची. "आणि घाटात अण्णा चालवेल," दादांनी बजावलं. "बायकांची परीक्षा नाही ही."

दोन दिवसांनी येवल्याहून येताना काकूने विंचूरजवळ गाडी झाडाखाली घेतली आणि बंद केली. मला वाटलं पाणी बघायचं असेल. तर ती तशीच स्टिअरिंगवर हात ठेवून बसली. म्हणाली, "सुमे, ती मोठी गाडी मला जड जाईल असं नाय गं. पण भाऊजी मला तिला हात लावू देतील का? ही गेली की मी परत गाठोडं घेऊन स्टँडवर. आणि हे घाटात गाडी चालवणार! यांना पुलावर सुद्धा घाम फुटतो." मग स्वतःच हसली, डोळे पुसले आणि गाडी सुरू केली. मला तेव्हा दादांचा इतका राग आला की घरी गेल्यावर मी त्यांना पाणी सुद्धा दिलं नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही, हे निराळं.

दसऱ्याच्या दिवशी पहाटेपासून अंगणात झेंडूचा ढीग पडला. आमच्याकडे गाड्यांची पूजा म्हणजे सोहळा. गाड्या धुवायच्या, बॉनेटवर हळदकुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबू, नारळ. माळ घालायची ती पुढच्या जाळीवर. आणि आजोबांपासूनची एक रीत होती: दसऱ्याची माळ हाताने काढायची नाही, सुकून आपोआप गळू द्यायची. त्या वर्षी चढाओढ म्हणून माळांचाही जोर झाला. दादा आईला म्हणाले, "यंदा जाळी दिसता कामा नये." आईने हाताला सुया टोचून घेत झेंडूची अख्खी चादर विणली आणि ॲम्बॅसिडरच्या तोंडावर बांधली. अण्णाकाकांनीही मागे राहायचं नाही म्हणून फियाटचं नाक पार झाकून टाकलं. दोन्ही गाड्या मुंडावळ्या बांधलेल्या नवरदेवांसारख्या निघाल्या. ॲम्बॅसिडरमध्ये दादा आणि आई, फियाटमध्ये काका, काकू आणि मागे मी. ऑक्टोबरचं ऊन म्हणजे काय असतं ते नाशिककरांना सांगायला नको.

घाट उतरलो तेव्हा अण्णाकाकांचा सदरा पाठीला चिकटला होता. खाली चहाच्या टपरीपाशी थांबलो. काकू उतरली, फियाटच्या पुढे गेली आणि नाक वर करून वास घेत उभी राहिली. मलाही आला. फुलं शिजल्याचा वास. माळ मलूल होऊन जाळीला चिकटली होती. काकूने बॉनेटला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. मग शांतपणे माळेची गाठ सोडली, माळ मागे नेली आणि डिकीवर बांधली.

"अगं, हे काय? माळ काढतात का?" आई घाबरून म्हणाली.

"काढली कुठे, वहिनी? सरकवली," काकू म्हणाली. "देवाला मागून दिसत नाय का?" मग ती दादांकडे वळली. "भाऊजी, तुम्ही पण घ्या मागे. जाळी झाकलीये, इंजिनाला वारा लागत नाही. चढताना तापेल."

मी आजही विचार करते, ती गप्प बसली असती तर? कुणाला कळलं असतं? तिची गाडी पणाला लागली होती, तरी तिने सांगितलं. दादांनी बशीतला चहा संपवला. "तुमची गाडी नाजूक, तिला लागतो वारा," ते म्हणाले. "माझ्या गाडीने असे कैक दसरे पाहिलेत. वडिलांची रीत मी घाटात मोडणार नाही." आधीच्या कुठल्याच दसऱ्याला जाळी अशी झाकलेली नव्हती, आणि घाटही नव्हता, हे त्यांना कोण सांगणार?

ॲम्बॅसिडर पुढे, आम्ही मागे. अण्णाकाका पहिल्या गिअरवरून दुसऱ्यावर जायला तयार नव्हते. समोरून ट्रक आला की डोळे मिटायचे. "उघडा हो डोळे!" काकू ओरडायची. अर्धा घाट चढलो आणि एका वळणावर पाहतो तर ॲम्बॅसिडर कडेला उभी, बॉनेटच्या फटींतून वाफ येतेय, आई पदर तोंडाला लावून कठड्याशी बसलेली. इतके दिवस मनात म्हणत होते की हरू दे ती गाडी, आणि ती हरलेली पाहिली तर मला रडू यायला लागलं. काकांनी फियाट थांबवून चाकामागे दगड लावला. तेवढ्यात दादांनी बॉनेट उघडलं आणि खांद्यावरचा पंचा हाताला गुंडाळून रेडिएटरचं झाकण धरलं.

"भाऊजी, हात लावू नका! गार होऊ द्या!" काकू धावत सुटली. पण रागावलेला माणूस ऐकतो का? झाकण निम्मं फिरलं आणि उकळतं पाणी फसकन वर आलं. दादा ओरडले. मी त्यांना त्याआधी कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. चेहरा वाचला, उजव्या हाताचा तळवा आणि मनगट भाजलं. काकूने पिण्याच्या पाण्याचा अख्खा फिरकीचा तांब्या त्यांच्या हातावर रिकामा केला आणि म्हणाली, "बसा गाडीत." कुठल्या ते सांगावं लागलं नाही. मग अण्णाकाकांना म्हणाली, "तुम्ही इथं थांबा. माळ सोडा. पुरती गार झाल्याशिवाय पाणी घालू नका, मग हळूहळू आणा." अण्णाकाकांच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली ती बघून अशा वेळीही मला हसू आलं. थांबलेली गाडी सांभाळायची, हे त्यांच्या आवडीचं काम.

दादा पुढच्या सीटवर, हात मांडीवर उताणा धरून. मी आणि आई मागे. चढावर उभी गाडी, मागे ट्रक येऊन ठेपलेला, त्याचा ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसलेला. काकूने हॅंडब्रेक ओढला, क्लच सोडत सोडत इंजिनचा आवाज ऐकला, काकांनी दगड काढला, तिने हॅंडब्रेक सोडला, आणि गाडी बोटभरही मागे न जाता वर निघाली. दादांनी डावा हात डॅशबोर्डला धरला होता, तो त्यांनी तिसऱ्या वळणानंतर खाली घेतला. काकू वळणाच्या आधीच गिअर उतरवत होती, चढण संपायच्या आत पुढचा टाकत होती. कुठे घाई नाही, कुठे धक्का नाही. दादा रस्त्याकडे बघत नव्हतेच. तिच्या हातांकडे बघत होते. एवढ्या वर्षांत ते तिच्या गाडीत कधी बसले नव्हते. इगतपुरीला पोचता पोचता त्यांनी एकच विचारलं, "येवल्याला किती वेळा जातेस?"

"आठवड्यातून दोनदा. सणाला तीनदा," काकू म्हणाली.

"एकटी?"

"कधी सुमी असते."

घोटीला डॉक्टरांनी हाताला मलम लावून पट्टी बांधली. आत्याने पुरी-श्रीखंडाचं ताट वाढलं, पण दादांना डाव्या हाताने खाता येईना, तर आई भरवायला लागली आणि ते लहान मुलासारखे लाजले. जेवणं उरकता उरकता अण्णाकाका ॲम्बॅसिडर घेऊन सुखरूप आले, इतके खूश की जणू विमान उतरवलं. सोनं वाटून झालं. निघायची वेळ आली, तेव्हा अण्णाकाकांनी ॲम्बॅसिडरचं मागचं दार दादांसाठी उघडून धरलं. दादा अंगणात थोडा वेळ उभे राहिले. मग आईला म्हणाले, "तू अण्णाबरोबर बस, त्याला सोबत होईल," आणि स्वतः फियाटच्या पुढच्या सीटवर येऊन बसले. गुडघे पार पोटाशी आले होते, पण तक्रार केली नाही. स्पर्धेचं नाव कुणी काढलं नाही. काकूनेही नाही. तिचा जीव मात्र टांगणीला लागला होता हे मला आरशात दिसत होतं, कारण दादा पाथर्डी फाट्यापर्यंत एक शब्द बोलले नव्हते, आणि गप्प बसलेले दादा म्हणजे कुठला निकाल देतील ते देवालाही कळत नसे.

द्वारकेला आलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. दसऱ्याची ही गर्दी! फुलवाले, माळा घातलेल्या रिक्षा, ट्रॅक्टर, नव्या सायकली. चौकात पोलिसाने हात केला तशी काकूने गाडी थांबवली. तो पोलीस आमच्याकडे बघत राहिला, मग दादांच्या खिडकीशी येऊन वाकला. दादांना तो ओळखत असावा, त्या भागात त्यांना सगळेच ओळखत.

"काय साहेब," तो हसत म्हणाला, "सणासुदीची एवढी गर्दी हाय, आन् बाईमाणसाच्या हातात गाडी दिली व्हय? तुमी घ्या की चालवायला."

काकूचे स्टिअरिंगवरचे हात घट्ट झाले. दादांनी पट्टी बांधलेला हात काढून त्याला दाखवला असता तर तिथेच मिटलं असतं. तसं त्यांनी केलं नाही.

"मी कोण देणार?" दादा म्हणाले. "गाडी त्यांची आहे. मी नुसता बसलोय. काय विचारायचं ते त्यांना विचारा."

पोलीस गोंधळला, "तसं नाय, साहेब," असं काहीतरी पुटपुटला आणि पुढची गाडी अडवायला निघून गेला. आमच्या बाजूचा रस्ता मोकळा झाला. काकूने गिअर टाकला, क्लच सोडला, आणि गाडी आचका देऊन बंद पडली. सगळा घाट न अडखळता चढलेली काकू, भर द्वारकेच्या चौकात! मागून रिक्षा, ट्रॅक्टर, एसटी, सगळे एकदम बोंबलायला लागले. काकूला चावी सापडेना, भरलेल्या डोळ्यांपुढे काही दिसत असलं तर ना.

"राहू दे, इंदू," दादा म्हणाले. "वाजवू देत त्यांना. आपल्याला कसली घाई आहे?"